गांधाराची तार

गिटारला तार चढवायची तर ती आधी खुंटीच्या भोकातून ओवायची, तीन बोटं ढील ठेवायची, टोक उलटं दुमडायचं आणि मगच खुंटी पिळायला लागायचं, हे गोदा वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी शिकली. तोवर तिच्या हातांना फुलवाती ठाऊक होत्या, कापसाची वस्त्रं ठाऊक होती, सोमवारचा बेल आणि शनिवारचं तेल ठाऊक होतं. नवऱ्याच्या गिटारला तिनं एकतीस वर्षांत बोट लावलं नव्हतं. झाडताना पेटी आडवी आली तर ती भोवतीनं केर काढायची.

पण वेंकोजीरावांच्या डाव्या हाताला काहीतरी झालं. आधी शर्टाचं बटण लागेना. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसाचा उंचवटा बसत गेला आणि तिथं खळगा पडला. बेंगळूरच्या डॉक्टरांनी सुया टोचून पाहिलं, विजेचे चिमटे लावून पाहिलं, आणि कागदावर आजाराचं लांबलचक नाव लिहून दिलं. अर्थ एवढाच, की स्नायू सुकत जाणार. आधी हात, मग खांदे, मग जीभ, मग श्वास. औषध होतं, पण त्यानं सुकणं थांबणार नव्हतं, जरा सावकाश होणार होतं.

परत येताना मंड्याच्या पुढं गाडीत वेंकोजीराव म्हणाले, "डावा आधी जायला नको होता गे. उजव्याचं काम काय, तार छेडायची. ते कुणीही करंल. सूर डाव्यात असतो."

पदराआड गोदाची माळ चालली होती.

वेंकोजीराव ब्लूज वाजवायचे, अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं जुनं दुःखाचं संगीत. म्हैसुरात नजरबाद मोहल्ल्यातल्या जुन्या शिलेदारांच्या घरातला मुलगा, आजोबा-पणजोबा राजाच्या घोडदळात, आणि हा गिटार घेऊन बसला, याचं घरात कुणाला कौतुक नव्हतं. योग शिकायला आलेला एक अमेरिकन माणूस समोरच्या खोलीत भाड्यानं राहिला होता. जाताना आपली गिटार आणि पिशवीभर कॅसेट त्यानं सोळा वर्षांच्या वेंकोजीला देऊन टाकल्या. त्यातून हे सुरू झालं. पुढं टेकडीखालच्या एका मोठ्या हॉटेलात संध्याकाळी वाजवायची नोकरी लागली ती तीस वर्षं टिकली. पाहुणे जेवायचे आणि हे कोपऱ्यात वाजवायचे.

लग्नानंतर गोदानं एकदा भीत भीत विचारलं होतं, "काय असतं हो ह्यात?"

"गाऱ्हाणं."

"मग भजनासारखंच की. देवाकडं?"

"देवाकडं न्हवं."

"मग कुणाकडं?"

"कुणाकडंच नाही. सुम्ने गाऱ्हाणं." उगाच, या अर्थाचा तो कानडी शब्द त्यांच्या तोंडात सदा असायचा.

गोदाला ते पटलं नाही. गाऱ्हाणं म्हटलं की ऐकणारा कुणीतरी हवाच. पण तिचा कान चांगला होता. ती लहानपणी पाच वर्षं गाणं शिकली होती, शुक्रवारी देवळात बायका तिच्या सुरात सूर मिळवायच्या. तिला एवढं कळलं, की नवरा कोमल गांधार आणि शुद्ध गांधार यांच्या मधोमध कुठंतरी एक जागा लावतो. ती जागा तिच्या गुरुबाईंनी तिला कधी दाखवली नव्हती. ना इकडची, ना तिकडची. ती लागली की गोदा चुलीपुढं उभ्या उभ्या मनातल्या मनात रामनाम घ्यायची.

हात दुबळा झाल्यावर तारा बदलणं सुरू झालं. तारांच्या संचाला नाव असतं ते त्यातल्या सगळ्यांत बारीक तारेच्या जाडीवरून. वेंकोजीराव आयुष्यभर तेराचा संच लावत आले. जाड, दाबायला कठीण. हॉटेलातली कॉलेजची पोरं एकदा दाबून बघायची आणि बोटं चोखत परत द्यायची. आता ते तेरावरून अकरावर आले. अकरा दाबवेनात तेव्हा दहा. मग नऊ, आणि गिटारच अर्ध्या सुरानं खाली उतरवून तारा अजून सैल. बारीक तार सोपी, पण तिच्यात अंग नसतं.

"ताक झालं गे," ते एकदा म्हणाले. "दूध होतं, पाणी घालत घालत ताक झालं."

तारा चढवायचं काम तेव्हापासून गोदाकडं आलं. ते खुर्चीत बसून सांगायचे, ती पाटावर बसून खुंटी पिळायची. सूर चढत जायचा, ते डोळे मिटून ऐकायचे, आणि नेमक्या जागी म्हणायचे, "साकु." पुरे. की तिचा हात थांबायचा. महिनाभरात तिलाही ती जागा आधी कळायला लागली, पण ती मुद्दाम साकुची वाट बघायची. एकतीस वर्षांच्या संसारात दोघांनी एवढं जवळ बसून कधी एकच काम केलं नव्हतं.

नऊ नंतर आठ. आणि आठही दाबवेनात तेव्हा वेंकोजीरावांनी गिटार पेटीत घातली ती दोन महिने काढलीच नाही.

ती बाहेर काढली कुशलनं. कुशल नाशिककडचा, हेब्बाळच्या एका कंपनीत कामाला. आठ वर्षांपूर्वी हॉटेलात जेवायला म्हणून आला आणि जेवण टाकून गिटारजवळ जाऊन बसला. तेव्हापासून रविवारी घरी यायचा, शिकायचा. त्याचं शुद्ध मराठी ऐकून वेंकोजीराव त्याला छापील पुस्तक म्हणायचे.

"काका," कुशल म्हणाला, "दाबायचंच कशाला? गिटार मांडीवर आडवी घ्या, तारांवर नळी फिरवा. डाव्या हातानं फक्त वजन ठेवायचं."

"ते मला शिकवतोस काय? ती पद्धत तुझ्या जन्माआधीची हाय."

"मग दोन महिने पेटीत का ठेवलीत?"

वेंकोजीराव हसले. "अय्यो, पुस्तकाला दात आले."

नळीसाठी गोदानं माळ्यावरून जुना घासलेटचा स्टोव्ह काढला. त्याच्या पंपाची पितळी नळी कुशलनं मंडी मोहल्ल्यात नेऊन बोटभर कापून, कडा घासून आणली. वजनदार होती. करंगळीत घातली की हात आपल्या भारानंच तारेवर बसायचा. आणि दाबायचंच नाही म्हटल्यावर बारीक तारांची गरज संपली होती. उलट नळीला जाडच तार लागते. बारीक तार तिच्याखाली थरथरते, खडखडते.

"माझ्या तारा कुठं हायत?" वेंकोजीरावांनी विचारलं.

त्या बिस्किटांच्या डब्यात होत्या. दोन वर्षांपूर्वी उतरवलेला तेराचा जुना संच, प्रत्येक तारेची वेगळी गुंडाळी करून गोदानं ठेवला होता. त्याआधी चार वर्षं तो गिटारवर होता. लोक नव्या तारांचं कौतुक करतात, पण नवी तार ओरडते, हे वेंकोजीरावांचं जुनं मत. रोज वाजवून वाजवून घाम आणि बोटांचं तेल तारेच्या पिळांत बसतं, तिचा झणझणाट मरतो, आणि मग खाली जे उरतं तो आवाज. नव्या मडक्यावर थाप मारली तर ते वाजतं आणि पाण्यानं भरलेल्यावर मारली तर बोलतं, तसा.

"एकदा उतरवलेली तार परत चढते ती नशिबानं," ते म्हणाले. "दुमड असते तिथं तिचा जीव अर्धा गेलेला असतो. हळू हां."

गोदानं सहाही तारा चढवल्या. एकही तुटली नाही. गिटार खूप खाली उतरवून अशी लावली, की नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी एक जुळलेला सूरमेळ यावा. गोदाच्या भाषेत सा, प, सा, ग, प, सा. वेंकोजीरावांनी नळी तिसऱ्या तारेवर ठेवली, गांधाराच्या तारेवर. गिटारच्या मानेवर धातूचे आडवे पडदे असतात, त्यातल्या अकराव्या आणि बाराव्या पडद्याच्या मधे ते सावकाश सरकले आणि थांबले.

तीच जागा. तोच आवाज. गोदानं रामनाम घेतलं.

तो श्रावण होता. पुढचे दोन महिने वेंकोजीराव रोज तास-दीड तास वाजवत होते. हात सुधारला नव्हता. खांदा जड व्हायला लागलाच होता. पण आवाज परत आला होता, आणि तो एकदा नीट ध्वनिमुद्रित व्हावा एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती. तीस वर्षांत तसं कधी झालं नव्हतं. पाहुण्यांनी फोनवर घेतलेले तुकडे होते. "हायत की," ते म्हणायचे, "चमच्यांचा आवाज फार छान आलाय." कुशलनं चांगला मायक्रोफोन आणला. खांदा चालतोय तोवर, दसऱ्याच्या सुट्टीत करू, असं ठरलं. नवमीला कुशलच्या कंपनीत पूजा. दशमीच्या दुपारी तो तीन आठवड्यांसाठी नाशिकला निघणार. म्हणून दशमीची पहाट, सहाला. नंतर जंबू सवारीची, हत्तींच्या मिरवणुकीची, गर्दी सुरू झाली की नजरबादेत काही ऐकूच येत नाही.

आता नवमीचं सांगायला हवं.

गोदाच्या सासूबाई, सुमित्राबाई, जाऊन बारा वर्षं झाली होती. पण घराचे नेम त्यांचेच चालत होते. आयुधपूजा सगळं शहर करतं. इकडं मोटारींना झेंडूचे हार, कोहळा फोडून कुंकू. पण या शिलेदारांच्या घरात त्याशिवाय एक जास्तीचा नेम होता. नवमीला घरात ताणलेलं काही राहता कामा नये. पूर्वी त्या दिवशी घोड्यांचे तंग सोडायचे, तंबूंचे दोर ढिले करायचे, धनुष्याची दोरी उतरवायचे. वर्षभर जे आपल्यासाठी ताण सोसतं त्याला एक दिवस श्वास घेऊ द्यायचा. घोडे गेले, तंबू गेले. सुमित्राबाई मग कपडे वाळत घालायची दोरी सोडायच्या, शिवणयंत्राचा पट्टा चाकावरून काढायच्या, नवारीची खाट ढिली करायच्या. आपली वेणीसुद्धा त्या दिवशी सैल घालायच्या.

गोदानं हे एका वर्षीही चुकवलं नव्हतं. गिटारचा प्रश्न कधी आला नाही, कारण दसरा म्हणजे हॉटेलाचा हंगाम. आजवर दर नवमीला गिटार घराबाहेरच असायची. यंदा, नोकरी सुटल्यावर, ती पहिल्यांदा घरात होती.

नवरात्रात गोदाचं नैवेद्य होईपर्यंत मौन असायचं. पहाटे उठून तिनं दोरी सोडली, पट्टा काढला, खाट ढिली केली. मग गिटारच्या पेटीपुढं उभी राहिली. सहा तारा, वर्षानुवर्षं ताणलेल्या. ज्या हातासाठी त्या ताण सोसत होत्या तो हात सुकत होता. एक दिवस यांना सोडलं तर? न जाणो. देव कुठल्या गोष्टीनं प्रसन्न होईल हे कुणी सांगावं.

वेंकोजीराव गोळीच्या गुंगीत झोपले होते. मौन होतं. पण खरं सांगायचं तर मौन नसतं तरी तिनं विचारलं नसतं. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, आणि तिला ते करायचं होतं.

तारा उतरवायच्या नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं उतरवल्या नाहीत. प्रत्येक खुंटी नेमके चार अर्धे फेरे उलटी फिरवली, फेरे बोटांच्या पेरांवर मोजले, म्हणजे उद्या तितकेच सुलटे फिरवले की झालं. गिटारवर झेंडूचं एक फूल ठेवलं. कुंकू लावलं नाही. त्यांना डाग आवडत नसत.

त्या दिवशी ते दिवसभर पडूनच होते, उद्यासाठी हात राखून. आणि गोदाच्या मनाला फार बरं वाटत होतं.

दशमीला साडेपाचला कुशल आला. रस्ते बंद म्हणून चालत, पाठीवर यंत्रांची पिशवी. "काकू, पोलिसांनी दोनदा अडवलं. म्हटलं, आमच्या काकांची जंबू सवारी आहे."

"चहा घे आधी."

"आधी गिटार. उजाडायच्या आत एक तरी घेऊ या."

गोदानं पेटी उघडून गिटार वेंकोजीरावांच्या मांडीवर आडवी ठेवली. त्यांनी उजव्या अंगठ्यानं तारांवरून हात फिरवला. सहाही तारा ओल्या दोरीसारख्या फदफदल्या.

"हे काय गे?"

"काल नवमी न्हवं का," गोदा म्हणाली. "विश्रांती दिली. उतरवल्या नाहीत हो. चार-चार अर्धे फेरेच. मोजलेत मी."

वेंकोजीराव तिच्याकडं बघत राहिले. रागावले असते तर तिला सोसलं असतं. ते म्हणाले, "घोडा हाय काय गे तो, तंग सोडायला?"

कुशलनं हातातली वायर खाली ठेवली. "काका, चढवता येतील ना परत?"

"चढव, गोदा. हळू. अगदी हळू."

ती पाटावर बसली. जाड तारेपासून सुरुवात केली. सा आला. "साकु." प आला. "साकु." वरचा सा आला. मग तिनं तिसरी सोडून पातळ दोन आधी घेतल्या. त्यांचा तिला भरवसा वाटत नव्हता. त्या दोन्ही आल्या. राहिली गांधाराची. पीळ घातलेल्या तारांत ही सगळ्यांत बारीक. आतला गाभा केसासारखा, वरून वेष्टण, म्हणून तुटते ती हीच. हे तिला नंतर कुशलनं सांगितलं.

एक अर्धा फेरा. दोन. तीन. कोमल गांधार आला तेव्हा बाहेर दूर कुठंतरी हत्तीची घंटा वाजली. ती थांबली, हात पदराला पुसला, परत खुंटी धरली. सूर हलला, वर निघाला, दोन्ही गांधारांच्या मधल्या त्या जागी आला. वेंकोजीरावांचे ओठ साकु म्हणायला उघडले.

तार तुटली. तिचं टोक गोदाच्या मनगटावर बसलं आणि लाल रेघ उमटली. गोदानं मनगटाकडं बघितलंसुद्धा नाही.

कुशलच्या पिशवीत तेराचा एक नवा संच होता. त्यातली तिसरी तार त्यानं स्वतः चढवली. वेंकोजीरावांनी नळी ठेवली आणि वाजवलं. पाच तारा जिथं होत्या तिथं होत्या आणि मधली किंचाळत होती. आणि नेमकी त्यांची जागा तिच्यावरच होती. दोन ओळी वाजवून त्यांनी हात उचलला.

"पाच म्हाताऱ्यांच्या पंगतीत एक पोर भोकाड पसरून बसलंय."

"काका, तुम्हाला वाटतं तितकं कळत नाही ते. आणि आवाज तारेत थोडाच असतो, हातात असतो. तुम्हीच शिकवलंय."

"असतो की. म्हणून तर आता दोन्हीकडं नाही." मग म्हणाले, "पुसून टाक."

"राहू द्या ना. नंतर ठरवू."

"पुस बाबा. हा मी न्हवं."

कुशलनं त्यांच्या समोरच पुसलं. मग बराच वेळ वायरी गुंडाळत राहिला. निघताना मायक्रोफोनची पिशवी त्यानं फळीवरच ठेवली. "आल्यावर करू. तोवर तार जरा मुरेल. किती लागतात हो मुरायला?"

"माझ्या हाताला, रोज दोन तास, तर आठ महिने."

ते तिघांनीही मनात मोजलं.

कुशल गेल्यावर गोदानं तुटलेल्या तारेचे दोन तुकडे उचलले. टाकायचे कुठं कळेना. शेवटी बिस्किटांच्या डब्यात ठेवले.

"रागवा तरी," ती म्हणाली.

"रागावून काय करू? तार जुडंल?" वेंकोजीराव खिडकीकडं बघत होते. रस्त्यानं सजलेली माणसं चालली होती, खांद्यावर पोरं घेऊन. "तू देवाचं केलंस. तुझ्या जागी मी असतो तर नुसता घोड्याचाच तंग सोडला असता. जा, माझा चहा आण."

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. गोदानं स्नान करून तुळशीला पाणी घातलं आणि संकल्प सोडला. रोज एक हजार आठ वेळा ती तार छेडायची. तिला वाजवता येत नव्हतं, पण वाजवायचं नव्हतंच. तारेचा झणझणाट मारायचा होता. रोज भाकरीचं पीठ मळून झालं की हात न धुता ती गिटार मांडीवर घ्यायची. वेंकोजीराव म्हणायचे, घाम आणि तेल. मग डाव्या हाताची बोटं त्या एका तारेवर वरपासून खालपर्यंत चोळायची, उजव्या अंगठ्यानं छेडायची, आणि माळेचा मणी ओढायची. दिवसातून एकशे आठच्या नऊ माळा आणि वर छत्तीस. अंगठ्याला फोड आला, फुटला, घट्टा पडला. ग, ग, ग, ग. शेजारच्या सहानानं विचारलं, "गोदक्का, गिटार शिकायला लागलीस की काय ग?" "हो," गोदा म्हणाली.

वेंकोजीराव पलंगावरून ऐकायचे. पहिल्या आठवड्यात म्हणाले, "अजून रडतंय पोर." कार्तिकात म्हणाले, "जरा दमलंय." त्या महिन्यात त्यांचा उजवा हातही चमच्याला नाही म्हणायला लागला. मार्गशीर्षात गोदानं दिवसाला दोन हजार सोळा केले. एकीकडं तार मंदावत होती आणि एकीकडं माणूस. ती दोघांच्या मधे बसून मणी ओढत होती. कधी वाटायचं तार पुढं आहे. मग एके सकाळी उठवताना त्यांचा खांदा हातात यायचा, कोंबडीच्या पंखासारखा, आणि कळायचं, नाही.

संक्रांतीला कुशल तीळगूळ घेऊन आला. वेंकोजीरावांच्या मांडीवर त्यानं गिटार ठेवली, करंगळीत नळी घातली, हात उचलून तारेवर ठेवला. हात ठेवला तिथंच राहिला. सरकेना. कुशलनं कोपर धरून सरकवायचा प्रयत्न केला, तशी नळी घसरून फरशीवर पडली आणि गडगडत पलंगाखाली गेली. ती काढायला म्हणून कुशल जो वाकला तो बराच वेळ उठला नाही.

"छा... पील पुस्तक," वेंकोजीराव म्हणाले. जीभ जड झाली होती, शब्द सांडत होते. "पान... फाटलं?"

त्यानंतर कुशल फोन करायचा, पण येणं कमी झालं. गोदानं त्याला दोष दिला नाही. मायक्रोफोनची पिशवी फळीवरच होती. ती पुसताना गोदा तिच्याही भोवतीनं पुसायची.

माघात जीभ पुरती गेली. पाणी हवं, कूस बदलायची, उजेड डोळ्यांवर येतो, हे सगळं पापणीवर आलं. गोदा विचारायची, पापणी एकदा मिटली की हो. श्वासाचं यंत्र रात्री लावायचं, मग दिवसाही लावायला लागलं. व्रत तिनं मोडलं नाही. मोडायचं कशासाठी हे तिला सांगता आलं नसतं, आणि चालवायचं कशासाठी हेही.

फाल्गुनातल्या एका गुरुवारी, संध्याकाळी चारच्या सुमाराला, सातव्या माळेवर, तिचा अंगठा थांबला. तिनं परत छेडली. मग सहाही तारा एकदम छेडल्या. मधली कुठं आहे ते कळेना. पोर म्हाताऱ्यांत बसलं होतं. भरलेल्या मडक्यावर थाप मारावी तसा आवाज खोलीत उभा राहिला आणि सावकाश खाली बसला.

तिनं मान वळवली. वेंकोजीरावांचे डोळे तिच्यावर होते. पापणी मिटली, उघडली. हो.

"आला न्हवं?" ती म्हणाली. "तुमचा आवाज आला."

परत पापणी मिटली. मग डोळे फिरले, उशाशी ठेवलेल्या पितळी नळीवर गेले, आणि तिच्याकडं परत आले.

"मी? मला कुठं येतंय हो."

डोळे तिथंच.

गोदानं नळी आपल्या करंगळीत घातली. सैल होती, तिनं कापसाची वात गुंडाळून बसवली. गिटार मांडीवर आडवी घेतली. अकरावा पडदा कुठला, बारावा कुठला, ते मोजलं. मधलं अंतर अंगठ्याच्या रुंदीएवढं. त्यात कुठंतरी त्यांची ती जागा.

तिनं नळी टेकवली आणि छेडली. कोमल गांधार, सरळ, देवळातला.

"इथं?"

पापणी हलली नाही.

ती तांदळाच्या दाण्याएवढी पुढं सरकली. "इथं?"

नाही.

अजून एक दाणा. "इथं?" आणखी थोडं, आणि शुद्ध गांधार आला, स्वच्छ, घासलेल्या तांब्यासारखा. पुढं गेलं होतं. ती मागं आली. सुरांना तिचा कान इतका पक्का होता, की तिची नळी आपोआप एकदा या गांधारावर जाऊन बसायची नाहीतर त्या. जिथं कुठलाच सूर नाही तिथं थांबायचं कसं हे तिच्या हाताला कुणी शिकवलं नव्हतं. एकतीस वर्षं ती जागा तिच्या कानावर पडली होती आणि प्रत्येक वेळी ती तिथं पोचायच्या आत तिनं रामनाम घेतलं होतं.

"इथं?" "मागं?" "आता?"

डोळे उघडे होते. कंटाळा नव्हता त्यांत, रागही नव्हता. वेंकोजीराव ऐकत होते. प्रत्येक वेळी ऐकत होते, आणि प्रत्येक वेळी पापणी उघडीच राहत होती. खुंटी पिळताना तिला साकुच्या आधीच कळायचं. आता तिला काहीच कळत नव्हतं.

खिडकीतला उजेड गेला. दिवेलागण कधीच झाली होती. गोदा गिटार बाजूला ठेवून उठली, देवापुढं जाऊन तिनं निरांजन लावलं, हात जोडले. रोज इथं ती काहीतरी मागायची. आधी हात मागितला होता, मग खांदा, मग जीभ, मग नुसते दिवस. आज हात जोडून ती उभी राहिली आणि मागायला काही सुचेना. ज्योत सरळ होती. यंत्र मागं फुस्स करत होतं. ती तशीच थोडा वेळ उभी राहिली आणि परत आली.

पाटावर बसून तिनं गिटार मांडीवर घेतली, करंगळीतली वात नीट केली, आणि नळी अकराव्या पडद्यावर ठेवली.

"इथं?"